थेंब घालूनही फरक का पडत नाही?

प्रश्न : ह्यांना (वय ६६) काचबिंदू आहे. वर्षभर रोज रात्री थेंब घालतात. डोळ्यातला दाब २६ वरून १५ वर आला, पण नजरेत काडीचा फरक नाही. 'आता नॉर्मल आहे, बंद करतो' म्हणतात. सकाळी शीर्षासनही चालू आहे. काय करावं? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, दाब १५ वर आला तो थेंबांमुळे. बंद केले की काही आठवड्यांत पुन्हा चढेल. आणि नजर आहे तशीच राहिली, ही त्या थेंबांचीच कमाई. मोतीबिंदू काढल्यावर लख्ख दिसू लागतं, तशी अपेक्षा इथे ठेवू नका. डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, काचबिंदूत ते मरत जातात. मेलेला तंतू परत येत नाही, उरलेले जपायचे. आधी जाते ती बाजूची नजर. दुखत नाही, समोरचं अक्षर स्वच्छ दिसतं, म्हणून पेशंट निर्धास्त असतो. मांडवीच्या गर्दीत बाजूनं आलेली रिक्षा त्यांना दिसली नाही, हे मला बहुतेक वेळा बायकोच सांगते!

थेंब घालताना एकदा शेजारी उभ्या राहा. पुष्कळ जण दोन-तीन थेंब ओततात, डोळे मिचकावतात आणि टॉवेलनं पुसून टाकतात. एकच थेंब पुरतो. खालची पापणी ओढून घालायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा. घशात कडू लागलं, तर औषध नाकावाटे खाली उतरलं समजा.

शीर्षासन बंद. उलटं झालं की डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास जातो. सर्वांगासनही नको. कमाटी बागेत हवं तेवढं फिरू द्या.

नुसत्या दाबाच्या आकड्यावर विसंबू नका. दाब नॉर्मल असूनही नस खराब होत गेलेले पेशंट कमी नाहीत. पेरिमेट्री, म्हणजे बाजूचं किती दिसतं ती तपासणी, डॉक्टर सांगतील तेव्हा करा आणि जुने सगळे कागद फाइलमध्ये ठेवा. मागच्या कागदाशी ताडल्याशिवाय नवा कागद फारसं बोलत नाही.

तुमच्या दिरांना, नणंदांना आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलांनाही तपासून घ्यायला सांगा. सख्ख्या नात्यात धोका कितीतरी जास्त. आणि ह्यांना दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काचबिंदूवरच्या टिमोलॉलच्या थेंबांनी दम्याचा झटका येऊ शकतो, आणि डोळ्याच्या औषधाचा छातीशी संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही.