रियोको तानी : पदके, पराभव आणि लोकांचे प्रेम

प्रश्न : जपानच्या ज्युदोपटू रियोको तानी यांची लोकप्रियता खेळामुळे होती की चित्रकथेतील नायिकेच्या नावाने त्या ओळखल्या गेल्या म्हणून? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चित्रकथेचा वाटा नाकारता येणार नाही, परंतु तो आरंभापुरताच होता. १९७५ साली फुकुओका येथे जन्मलेल्या रियोको तामुरा यांनी (तानी हे विवाहानंतरचे आडनाव) १९९० मध्ये त्याच शहरातील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा त्या अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या. त्या सुमारास एका ज्युदोपटू मुलीची चित्रकथा जपानमध्ये गाजत होती आणि तिच्या नायिकेचे ‘यावारा’ हे नाव या शाळकरी मुलीला चिकटले. उंची जेमतेम १४६ सेंटिमीटर आणि वजनगट सर्वांत हलका, ४८ किलोंचा. त्यामुळे ते शोभलेही.

मात्र केवळ टोपणनावाच्या जोरावर कोणी वीस वर्षे लोकांच्या मनात राहत नाही. माझ्या मते त्यांच्याविषयीची आपुलकी खरी वाढली ती दोन पराभवांमुळे. १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत फ्रान्सच्या सेसिल नोवाक यांनी त्यांना हरवले. पुढे अटलांटात सलग ८४ विजय पाठीशी असताना उत्तर कोरियाच्या के सुन-हुई या सोळा वर्षांच्या, फारशी कोणाला ठाऊक नसलेल्या मुलीने अंतिम फेरीत त्यांचा पराभव केला. जागतिक विजेतेपदे एकामागून एक मिळत असताना ऑलिंपिकचे सुवर्ण तेवढे हुलकावणी देत होते आणि ज्युदोचे नियम न जाणणारे लोकही ते कधी मिळते याची वाट पाहू लागले. सिडनीपूर्वी त्यांनी ‘जास्तीत जास्त सुवर्ण, कमीत कमी सुवर्ण’ असे जाहीर केले आणि २००० सालची अंतिम लढत एका मिनिटाच्या आत ‘इप्पोन’ने, म्हणजे कुस्तीतील चीतपटीप्रमाणे तिथल्या तिथे निकाल लावणाऱ्या डावाने, जिंकली. २००३ मध्ये बेसबॉलपटू योशितोमो तानी यांच्याशी विवाह झाल्यावर ‘तामुरा म्हणून सुवर्ण, तानी म्हणूनही सुवर्ण’ हा शब्द त्यांनी अथेन्समध्ये खरा केला. मातृत्वानंतर २००७ मध्ये त्यांनी सातवे जागतिक विजेतेपद मिळवले.

याच प्रसिद्धीची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००७ आणि २००८ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय वजनगट स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्या हरल्या होत्या, तरीही पूर्वीच्या कामगिरीच्या बळावर संघात त्यांचीच निवड झाली. त्यावर टीका झाली आणि ती मला गैर वाटत नाही. जिने त्यांना हरवले, तिच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न उरतोच. बीजिंगमध्ये त्यांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

प्रश्न : त्या राजकारणात गेल्या, हे खरे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय. २०१० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे त्या जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आल्या. खासदार होऊनही लंडन ऑलिंपिक खेळण्याचा त्यांचा मानस होता. परंतु २०१० च्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्पर्धात्मक ज्युदोतून निवृत्ती जाहीर केली.