दोन पगार घेतलेत, आता हरकत कधी घेणार?

प्रश्न : मी ठाण्याला राहतो आणि एका विमान कंपनीत चार वर्षे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. डिसेंबरच्या शेवटी कंपनीने सुधारित सेवाशर्तींचा ई-मेल पाठवला. महिन्याचे हमीचे उड्डाणतास (उड्डाण कमी झाले तरी ज्यांचा पगार मिळतो ते) ७० वरून ५५ केले आणि 'वैमानिकाने घेतलेली रजा साप्ताहिक विश्रांतीत धरली जाईल' असे नवे कलम घातले. १५ दिवसांत हरकत न आल्यास शर्ती मान्य समजू, असेही त्यात होते. आमची संघटना व्यवस्थापनाशी बोलत होती, म्हणून मी वेगळे काही कळवले नाही. फेब्रुवारीत लागोपाठच्या नाइट ड्युटींनंतर दोनदा उड्डाण नाकारले, तर आजारपणाची रजा कापून खुलासा मागणारे पत्र हातात दिले. आखातातली एक कंपनी ६० दिवसांत रुजू व्हा म्हणते. शर्ती बदलल्या आहेत, तर नोटीस पीरियड न देता जाता येईल ना?

उत्तर : तुम्ही विचारलेल्या प्रश्नाकडे शेवटी येते. तुमचे सगळे प्रकरण तुम्ही 'माहितीसाठी' म्हणून जोडलेल्या दोन कागदांवर उभे आहे. ते म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारीची पगारपत्रके. दोन्हींवर वरून चौथी ओळ 'हमी तास : ५५' अशी आहे. पैसे खात्यात आले, त्यातून घराचा हप्ता गेला, आणि तुम्ही कंपनीला एका ओळीनेही विचारले नाही की बाबांनो, १५ तास गेले कुठे?

डिसेंबरपासून असे हे माझ्याकडे आलेले पाचवे पत्र. पाचही जणांना वाटते की सही केली नाही म्हणजे आपण नाही म्हटले. अर्धे बरोबर आहे. 'उत्तर नाही आले तर होकार समजू' असे एका बाजूने लिहून दुसऱ्याच्या गळ्यात करार बांधता येत नाही. पण भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ८ असे आहे की प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला घेतला, की प्रस्ताव स्वीकारला असे धरता येते. कंपनीचे वकील तुमच्या मौनावर वेळ घालवणारच नाहीत. ते पगारपत्रक पुढे करतील आणि म्हणतील, घेतलात ना?

तुमचे नशीब एका ठिकाणी मात्र जोरावर आहे. तुम्ही लिहिता की पहाटे पावणेचारला, दुसऱ्या उड्डाणाच्या आधी, क्रू रूममध्ये टॅबवर 'ते काहीतरी बटण' दाबले. स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. बटणावर 'पोच' आहे, 'मान्य' नाही. न वाचता दाबलेले बटण बरे निघाले, यात तुमची हुशारी शून्य आहे, पण आपल्याला चालेल. चेकलिस्टची ओळ न ओळ मोठ्याने वाचणारी माणसे स्वतःचा करार मात्र अंगठा फिरवून पुढे ढकलतात, याचे मला दर वेळी नवल वाटते.

तर मार्चचा पगार पडायच्या आत एक पत्र गेले पाहिजे. चार वाक्ये पुरेत. सुधारित शर्तींची फक्त पोच दिली होती, संमती दिलेली नाही. जानेवारी-फेब्रुवारीचे पगार हक्क राखून घेतले आहेत. ७० तासांच्या हमीप्रमाणे फरक द्यावा. पुढचे पगारही याच भूमिकेतून घेतले जातील. हे ई-मेलने पाठवा, रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा, आणि स्वतःच्या खासगी पत्त्यावर प्रत घ्या. राजीनामा दिला त्या दिवशी कंपनीचा मेलबॉक्स बंद होतो, मग पुरावा मागायला त्यांच्याच दारात जावे लागते. दोन पगारांची चूक या पत्राने सावरेल असे मला वाटते. सहा पगार झाले असते तर मी पत्र लिहा म्हटले असते, पण फी आधी मागितली असती.

'संघटना बोलत होती' या सबबीबद्दल. बोलणी कुठे चालली होती? हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत, की कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर? फरक चहा-बिस्किटांचा नाही. समेटाची कार्यवाही रीतसर सुरू असेल तर त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती मालकाला कामगाराचे नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. हॉटेलमधल्या बोलण्यांना असे कोणतेही कवच नाही. शिवाय एकापेक्षा जास्त संघटना असतील तर एकटीने वाटाघाटी करण्याचा अधिकार हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे आहेत तिला. तुमच्या संघटनेकडे तेवढे आहेत का, हे सरचिटणीसांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वैमानिक 'कामगार' आहे की नाही यावर कंपनी भांडेलच. दिल्ली उच्च न्यायालयाने वैमानिकाच्या बाजूने निकाल दिलेला आहे. मुंबईत तो किती चालेल याची हमी मी देणार नाही, पण उजव्या सीटवरचा माणूस, म्हणजे सहवैमानिक, पर्यवेक्षक आहे, हे पटवून देणे कंपनीलाही सोपे नाही. आणि हो, विमान वाहतूक हा केंद्राचा विषय आहे. बीकेसीच्या कामगार भवनात जाऊन दिवस घालवू नका, तिथे राज्याचे कार्यालय आहे. तुम्हाला केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जायचे आहे.

तुमच्या ग्रुपवर म्हणे 'एकाच दिवशी सगळ्यांनी सुट्टी टाकू' असे चालले आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर संहितेनुसार तो संप ठरतो, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. त्या ग्रुपवर अंगठा दाखवण्याआधी एवढे लक्षात ठेवा.

आता विश्रांती. इथे तुमचा करार जवळपास निरुपयोगी आहे, आणि ते तुमच्या फायद्याचे आहे. हमीचे तास ही तुमची मालमत्ता, ती तुम्ही निष्काळजीपणे का होईना, सोडू शकता. विश्रांती तुमची मालमत्ता नाही. २२ मे २०१० ला मंगळूरला विमान धावपट्टीपलीकडच्या दरीत गेले आणि १५८ माणसे गेली. कॉकपिट रेकॉर्डरवरच्या दोन तासांपैकी दीड तासाहून अधिक काळ कमांडर झोपलेला होता, हे चौकशीत निघाले. विश्रांती त्या मागे बसलेल्या माणसांसाठी आहे. म्हणून डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, सीएआर या नियमावलीतले किमान तास कराराने कमी होत नाहीत. तुम्ही दहा ठिकाणी सही केली असती तरी नाहीत. आठवड्याला सलग ४८ तास, त्यात दोन स्थानिक रात्री, आणि एका साप्ताहिक विश्रांतीच्या शेवटापासून पुढचीच्या सुरुवातीपर्यंत १६८ तासांहून जास्त अंतर नाही.

हे ४८ तास मिळायलाही काय वेळ लागला! नियम ८ जानेवारी २०२४ ला निघाला, १ जून २०२४ पासून लागू व्हायचा होता. कंपन्यांनी हातपाय आपटले, तो पुढे गेला. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तारखा पडत पडत पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला आणि रात्रीच्या उड्डाणांचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. महिनाभरात इंडिगोची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, आणि ५ डिसेंबरला डीजीसीएने एक वाक्य मागे घेतले : 'साप्ताहिक विश्रांतीच्या बदल्यात रजा धरता येणार नाही.' तुमच्या कंपनीने डिसेंबरअखेर तुमच्या करारात जे कलम घातले ते नेमके या रिकाम्या जागेत बसवले आहे. पाच डिसेंबरच्या आधी ते कलम मी एका परिच्छेदात उडवले असते. आता तसे म्हणता येत नाही.

पण मागे गेले ते फक्त रजेचे वाक्य, ४८ तास तिथेच आहेत. बहिणीच्या लग्नासाठी साताऱ्याला गेलात ते दोन दिवस कंपनीने विश्रांतीत धरले. तेव्हा बघायचे ते घड्याळ. शेवटच्या ड्युटीतून सुटलात कधी आणि पुन्हा रिपोर्टिंग कधी? मधे पूर्ण ४८ तास आणि दोन रात्री बसतात का? पाठवलेल्या रोस्टरवरून मला साधारण ४४ तास दिसतात. पण फोटोचा कोपरा कापला गेला आहे, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही. ४४ असतील तर वाद रजेचा राहत नाही, थेट सीएआर मोडल्याचा होतो. ४८ भरत असतील तर हळदीत नाचून विश्रांती मिळाली की नाही, हा प्रश्न न्यायालय कसे सोडवेल ते मला सांगता येणार नाही. ५ डिसेंबरच्या निर्णयानंतरचा वादही दिल्लीत पोहोचला आहे. त्याची वाट बघत बसू नका.

उड्डाण नाकारल्याच्या दोन रात्रींबद्दल मला तुमचा खरोखर राग आला. तुम्ही क्रू शेड्युलिंगला फोन करून काय म्हणालात? 'तब्येत बरी नाही.' तब्येत ठणठणीत होती, तुम्ही दमला होता. 'फटीग' हा एक शब्द वापरायचा होता आणि रिपोर्ट भरायचा होता. तुम्ही म्हणता, फटीग रिपोर्ट टाकला की रोस्टरवाले डूख धरतात. धरत असतीलही. पण २०२४ च्या नियमानुसार कंपनीला असे रिपोर्ट तपासून, काय केले त्यासह, दर तिमाहीला डीजीसीएकडे द्यावे लागतात, आणि रिपोर्ट करणाऱ्यावर कारवाई करायची नाही हे त्या व्यवस्थेतच आहे. तुम्ही आजारी म्हटलेत आणि त्या हिशेबातून स्वतःच बाहेर पडलात. आता कंपनी म्हणणार, आजारी होता तर डॉक्टरचा दाखला कुठे आहे?

खुलाशात खोटा दाखला जोडायचा विचारही करू नका. जे घडले ते लिहा. त्या आठवड्यातल्या ड्युटी तारीखवार द्या, प्रत्येक रात्री किती वाजता सुटलात आणि पुढचे रिपोर्टिंग कधी होते ते द्या, आणि म्हणा की फोनवर मी कारण नीट सांगितले नाही, कारण थकवा हे होते. उशिरा सांगितलेले खरे आहे, कमी वजनाचे धरले जाईल, पण तारखा तुमच्या बाजूने बोलतील.

राहिली आखातातली नोकरी. शर्ती बदलल्या म्हणून नोटीस न देता जाता येते, हे तुम्हाला कोणी सांगितले ते मला ठाऊक आहे, कारण पाचही पत्रांत तेच वाक्य तसेच्या तसे आले आहे. नोटीस पीरियडच्या सीएआरमध्ये तशी तरतूद आहे, पण ती नोटीस पीरियड सुरू असताना पगार किंवा शर्ती वैमानिकाच्या नुकसानीच्या केल्या तर लागू होते. आणि तेव्हाही लवकर सोडण्याची विनंती करता येते, बॅग उचलून चालू पडता येत नाही. तुमच्या शर्ती बदलल्या डिसेंबरात, राजीनामा अजून खिशात आहे. क्रम उलटा आहे. नोटीस को-पायलटला सहा महिन्यांची, कमांडरला एक वर्षाची. कंपनीने ना-हरकत प्रमाणपत्र देऊन आधी सोडले तर गोष्ट वेगळी.

परदेशी कंपनीला आपला सीएआर बांधत नाही हे खरे, पण तुम्हाला बांधतो. २०२३ मध्ये ४३ वैमानिक नोटीस न भरता गेले तेव्हा अकासा एअर त्यांच्यापैकी काहींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. आम्ही मुंबईत राहत नाही, इथे दावा चालत नाही, असा वैमानिकांचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. तुम्ही तर ठाण्याचेच. सक्तीने कॉकपिटमध्ये बसवायचा हुकूम कोणतेही न्यायालय देणार नाही, वैयक्तिक सेवेचे करार तसे अमलात आणता येत नाहीत. भरपाईचा दावा मात्र वर्षानुवर्षे मागे लागतो, आणि आपल्याकडच्या वर्षानुवर्षेचा अर्थ मी वकिलीची २२ वर्षे भोगते आहे. 'बाँड बेकायदा असतो' हेही डोक्यातून काढा. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ ला विजया बँकेच्या प्रकरणात किमान सेवेचा २ लाखांचा बाँड वैध ठरवला. तुमच्या टाइप रेटिंगच्या (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाच्या) बाँडची रक्कम वाजवी आहे का, यावर भांडता येईल. तो कागद तुम्ही पाठवलेलाच नाही.

तुमच्या पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत जाता जाता लिहिले आहे की मे महिन्यात कमांड अपग्रेडचे, म्हणजे कमांडर होण्याचे, ट्रेनिंग आहे. हे पहिल्या ओळीत यायला हवे होते. ट्रेनिंगआधी नवा बाँड पुढे येईल, आणि डावीकडची सीट मिळाली की सहा महिन्यांचे वर्ष होईल. आखातात जायचेच असेल तर अपग्रेडच्या कागदावर सही करण्याआधी ठरवा आणि तिथल्या कंपनीकडे ६० ऐवजी १८० दिवस मागा. बरेचदा मिळतात. तिकडचे ऑफर लेटर पक्के हातात येईपर्यंत राजीनामा नको, आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको.

हरकतीचे पत्र आधी. मसुदा मला दाखवायचा असेल तर टाइप टेबलवर बसून, झोप झाल्यावर करा. रोस्टरचा फोटो पुन्हा पाठवताना चारही कोपरे येऊ द्या, आणि सोबत बाँडची प्रत.