“आमच्या बाबूवर प्रयोग नकोत हं, मॅडम!”

गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत, माझ्याकडे मुलांना उपचारासाठी आणणाऱ्या आईबापांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की संशोधनात भाग घ्यायच्या संमतीचा फॉर्म ड्रॉवरमधून काढण्याआधीच ते कानात वाजतं. खरं सांगायचं तर बरेचदा मी तो काढतच नसे. ‘बिचारे आधीच दमलेत, त्यात आणखी कागद कशाला,’ असं त्यांच्या वतीनं मीच ठरवून टाकायचे.

फोंड्याजवळच्या गावातला हा मुलगा आठ वर्षांचा. घरी बडबड्या, शाळेत मात्र वर्षभर एक शब्द नाही. चार-पाच भेटींनंतर मी आईला फॉर्म दिला. पुढच्या खेपेला तिनं तो डब्याच्या पिशवीतून काढला. चौघडी घातलेला, आणि ‘चित्रीकरण’ या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ.

“हे कुणी बघितलं, नि चवथीला सगळे जमल्यावर विषय निघाला तर? नको म्हटलं तर उपचार बंद करणार?”

“नाही. मधेच सोडलंत तरी नाही. आणि तुमची एकटीची सही पुरत नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाचाही तोंडी होकार लागतो.”

ती हसली. “तोंडी? ह्याचा?”

मी फोन स्टँडवर लावला आणि त्याला साध्या शब्दांत सांगितलं, यात तुझं बोलणं-खेळणं भरून ठेवू का? त्यानं फोनकडे बराच वेळ बघितलं. मग उठला, फोन टेबलावर पालथा घातला आणि वर लाकडी ट्रक ठेवला. “बरं. नुसते प्रश्न विचारले तर?” मान हलली. होकारार्थी.

आई गप्पच झाली. थोड्या वेळानं म्हणाली, “ह्याला असं कुणी विचारलंच नव्हतं.” चित्रीकरणाच्या रकान्यावर काट मारून तिनं बाकी ठिकाणी सही केली.

तोंड उघडत नाही म्हणजे मत नाही, असं आम्ही मोठ्यांनी धरूनच चाललो होतो. मी तर मुलाच्या कलानं चालणारी म्हणवते! आणि फोन पालथा पडल्यावर मलाही हायसं वाटलं, हेही सांगून टाकते. त्या चित्रीकरणात मीही दिसणार होते. माझं काम कुणी तपासेल ही धाकधूक मी ‘पालकांना त्रास नको’ या नावाखाली झाकत आले होते.

एरवी चित्रीकरणाशी माझं वैर नाही. गावातली प्रशिक्षित कार्यकर्ती स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाच्या आईला मदत करू शकते का, हे गोवा आणि रावळपिंडीतल्या ६५ मुलांच्या घरच्यांनी होकार दिला म्हणून तपासता आलं. त्यात तर आई-मुलाच्या खेळाचं चित्रीकरणच बघून काम चालायचं. म्हणून घाईत नकार देऊ नका, आधी विचारा. नैतिकता समितीची मंजुरी आहे का? नावाऐवजी क्रमांक वापरणार ना? चित्रीकरण कोण बघणार, कधी पुसणार? नवा उपचार कुठल्या गटाला हे चिठ्ठीनं ठरणार असेल तर दुसऱ्या गटाला काय मिळणार? उत्तर देताना समोरचा वैतागला, तर खुशाल उठून या.

मुलगा शाळेत अजून बोलत नाही. माझ्याकडे मात्र आल्या आल्या आधी फोन पालथा घालतो, मग खुर्ची ओढतो.