गाणं येत नाही, मग वर्गात काय करू?

प्रश्न : नमस्कार सर, माझी झेडपीची द्विशिक्षकी शाळा आहे, माझ्याकडे तिसरी-चौथी. चार वर्षं झाली नोकरीला. सोबतचे सर गातात, नाचतात, पोरं त्यांच्यावर फिदा. शिक्षण परिषदेतही कृतियुक्त गीतांचेच व्हिडिओ दाखवतात. मी पण एकदा अभिनयासकट कविता घेऊन बघितली तर पोरं हसतच सुटली, कवितेला नाही, मला. मी मुळात कमी बोलणारी, आवाज पण बारीक. शिवणकाम तेवढं चांगलं येतं, घरी मशीन आहे, पण त्याचा शाळेत काय उपयोग? मी स्वभाव बदलायचा का?

उत्तर : मॅडम, आधी माझी फजिती सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याची नक्कल करत मी वाघ-सिंहांचे आवाज काढून गोष्ट सांगितली, तर पहिल्या बाकावरचा पोरगा उठून विचारतो, "सर, बरं नाही का तुम्हाला?" तेव्हापासून वाघ बंद. पोरांना उसनं लगेच कळतं हो.

आणि शिवणकामाचा काय उपयोग म्हणता? अहो, तिसरी-चौथीचं निम्मं मापन तुमच्या मशीनच्या खणात पडलंय! पाव मीटर म्हणजे २५ सेंमी, पाऊण म्हणजे ७५, सव्वा म्हणजे १२५, हे फळ्यावर लिहून पाठ करून घ्यायला आठवडा जातो आणि तरी पोरं सव्वा आणि दीडमध्ये गडबडतात. तुम्ही टेप घेऊन जा, जोड्या पाडा, एकमेकांचा खांदा, बाही, उंची मोजून वहीत लिहू दे. मग रद्दी पेपर आणि खडू द्या आणि पिशवीचं माप आखायला सांगा. पेपर मधोमध दुमडून कापला की दोन्ही बाजू सारख्या का येतात, हे बघितलं की सममिती वेगळी शिकवायला नको. शिलाईसाठी कडेला दोन सेंमी जादा धरायचे, तर दोन्ही कडांचे मिळून किती, इथे बेरीज आपोआप येते आणि चुकली की पिशवी लहान होते, चूक तुम्हाला दाखवावीच लागत नाही. हे तुमच्या सोबतच्या सरांना जमेल का बघा!

बारीक आवाजाचं टेन्शन तर घेऊच नका. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंना १९७० च्या दशकात असं दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, तीनेक सेकंद थांबले की पोरांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी पण बोलायला लागतात. आमच्यासारख्या बडबड्यांना ते तीन सेकंद फार जड जातात, तुम्हाला थांबणं आयतं येतंय. आपल्याकडे साने गुरुजी बघा, १९२४ पासून सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. म्हणजे नाचगाण्याशिवायही पोरांपर्यंत पोचता येतं.

एक मात्र सांभाळा, रोज उठून शिवण नको. ज्या पाठात ते बसत नाही तिथे ओढून आणलं की तो तुमचा छंद झाला, पोरांचा अभ्यास नाही. गाणाऱ्या सरांचं पण तेच, गाणं संपल्यावर कवितेतलं काय कळलं हे कुणी विचारतच नाही (हे त्यांना सांगू नका). कविता-परिपाठ त्यांच्याकडे द्या, त्यांच्या वर्गाचं मापन तुम्ही घ्या, दोघांच्याच शाळेत एवढी अदलाबदल सहज होते.

टाचणात, म्हणजे रोजच्या पाठाच्या नोंदीत, फक्त 'पिशवी शिवणे' लिहू नका, शाळा तपासायला येणारे केंद्रप्रमुख विचारतील हे काय, शेजारी मापनाची अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या पाठातून पोरांना काय यायला हवं ते, लिहा. आणि टेपच्या एका बाजूला इंच असतात, त्यावर आधी कागद चिकटवून न्या, नाहीतर पहिल्याच दिवशी एखाद्या पोराची उंची बावन्न सेंमी निघेल.