वाचकांचे प्रश्न : फॅक्टरिंग आणि अवयव

प्रश्न : अंबड एमआयडीसीत माझं सुट्या भागांचं वर्कशॉप आहे. मोठी कंपनी बिलाचे पैसे ६० दिवसांनी देते. ‘फॅक्टरिंग करून घ्या,’ असं सीए म्हणतात. सेमी-इंग्लिशमध्ये आठवीला असलेला मुलगाही फॅक्टर पाडतोय! हा शब्द एकच का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मूळ एकच. लॅटिनमध्ये ‘फॅक्टर’ म्हणजे करणारा. व्यापारात तो मालकाच्या वतीने व्यवहार करणारा अडत्या झाला. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांनाही फॅक्टर म्हणत, म्हणून वखार ती ‘फॅक्टरी’. गणितात गुणाकार घडवणारे ते फॅक्टर, आपले अवयव.

आता तुमचं बिल. फॅक्टरिंग म्हणजे येणं (कंपनीकडून यायचे पैसे) फॅक्टरला, म्हणजे ते विकत घेणाऱ्या वित्तसंस्थेला, विकणं. समजा, बिल ५ लाखांचं आहे आणि ८० टक्के उचल मिळाली, म्हणजे ४ लाख. वार्षिक १२ टक्क्यांनी ६० दिवसांचं व्याज ७,८९० रुपये. बिलावर १ टक्का सेवाशुल्क ५,००० (जीएसटी वेगळा). कंपनीने पैसे भरले की उरलेल्या लाखातून हे वजा होऊन ८७,११० हाती येतात. १२ टक्के ऐकून हुरळू नका. शुल्क धरलं तर ४ लाखांवर वर्षाला साधारण साडेएकोणीस टक्के पडतात.

घोळ होतो तो कागदांत. माल पोचल्याची सही नसेल किंवा कंपनीने रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालाचे पैसे कापल्याची चिठ्ठी) काढली असेल, तर फॅक्टर तेवढी रक्कम अडवतो. बँकेची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) असेल तर येणी बहुधा आधीच तिच्याकडे तारण असतात. तिचं ना-हरकत पत्र आधी घ्या. करार ‘रिकोर्स’चा असला तर कंपनीने बुडवलेले पैसे तुम्हालाच परत करावे लागतात. लघुउद्योगांची बिलं विकण्याच्या ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन मंचावर ही जोखीम विक्रेत्यावर येत नाही, पण कंपनीने तिथे बिल मान्य करायला हवं. सही करण्याआधी रिकोर्सचं एवढं एक कलम तरी वाचाच.

मुलाचं सोपं आहे. २क्ष² − ९क्ष + ९ घ्या. २ × ९ = १८; गुणाकार १८ आणि बेरीज −९ येणाऱ्या संख्या −३ व −६. मधलं पद फोडा : २क्ष² − ६क्ष − ३क्ष + ९. मग २क्ष(क्ष − ३) − ३(क्ष − ३), म्हणजे (क्ष − ३)(२क्ष − ३). मुलं चुकतात ती दुसऱ्या जोडीत : −३ बाहेर काढताना +९ चं आत −३ होतं, हे विसरतात. उत्तर पुन्हा गुणून पाहायला लावा.