गॉथिक कादंबऱ्यांमधली (म्हणजे १८व्या-१९व्या शतकातल्या भयाण, गूढ कथांमधली) भीती विज्ञानाच्या प्रगतीमुळे आली की त्या काळच्या नैतिक धास्तीमुळे?

दोन्हीमुळे, पण "माणूस देव बनायला गेला म्हणून शिक्षा झाली" हे जे उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं ना, ते मला फार वरवरचं वाटतं. तेव्हाच्या इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या गरीब माणसाची भीती त्याहून सरळ होती, मेल्यावर माझं प्रेत डॉक्टरच्या टेबलावर तर जाणार नाही ना?

विज्ञानाचं आधी सांगतो. गाल्वानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलतात हे १७९१ मध्ये छापलं. मग त्याचा भाचा आल्डिनी, त्याने जानेवारी १८०३ मध्ये लंडनला, खुनासाठी फाशी दिलेल्या जॉर्ज फोर्स्टरच्या प्रेताला बॅटरीच्या तारा लावल्या आणि जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हात वर येऊन मूठ वळली, बघणाऱ्यांपैकी काहींना तर वाटलं की हा आता उठून बसतो. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' आली जानेवारी १८१८ मध्ये, तीही लेखिकेचं नाव न टाकता. गंमत म्हणजे पुस्तकात वीज लावून जिवंत करण्याचं वर्णन जवळपास नाहीच, एका ठिणगीचा उल्लेख आहे फक्त, ती मोठाली मशिनं वगैरे नंतर सिनेमावाल्यांनी घातली. पण प्रेतांच्या तुकड्यांतून जीव बनवणारा नायक व्हिक्टर, सामान कुठून आणलं हे स्वतः सांगतो: शवविच्छेदनाची खोली आणि कत्तलखाना. तेव्हाच्या वाचकाला इथेच शहारा आला असणार.

कारण १७५२ च्या कायद्याने फक्त खुन्यांची प्रेतं चिरफाडीला मिळायची, म्हणजे शवविच्छेदन ही शिक्षाच होती, फाशीच्या वरची. इकडे ॲनाटॉमी (शरीररचना) शिकणारी पोरं वाढत गेली आणि प्रेतं पुरेनात, मग कबरी उकरून विकणाऱ्या टोळ्या आल्या. प्रेत कायद्याने कोणाची मालमत्ता नाही, त्यामुळे ते चोरलं तर किरकोळ गुन्हा पण अंगावरचं कफन नेलं तर मोठी चोरी, म्हणून हे लोक कपडे काढून परत कबरीत टाकायचे! ज्यांना परवडायचं ते कबरीवर लोखंडी पिंजरे बसवून घ्यायचे, बाकीच्यांनी काय करायचं? १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर यांनी तर उकरण्याचेही कष्ट वाचवले, १६ माणसं मारली आणि ॲनाटॉमी शिकवणाऱ्या डॉक्टर नॉक्सला प्रेतं विकली. बर्क फाशी गेला आणि त्याचंच जाहीर शवविच्छेदन झालं, हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला, नॉक्सवर खटलासुद्धा नाही. यावर सरकारने १८३२ मध्ये उपाय काय काढला तर वर्कहाउसमध्ये (गरिबांच्या आश्रयगृहात) मेलेल्या बेवारस गरिबांची प्रेतं द्यायची. म्हणजे जी शिक्षा खुन्याला होती ती आता गरिबीला.

लेखक स्टीव्हन्सन याच एडिंबरातला. १८८४ मध्ये त्याने प्रेतचोरांवर सरळ एक कथा लिहिली, आणि १८८६ च्या 'जेकिल आणि हाइड'मध्ये (औषध पिऊन डॉक्टर जेकिल दुष्ट हाइड बनतो ती गोष्ट) बघा, जेकिलने घर विकत घेतलंय एका नामांकित सर्जनच्या वारसांकडून, त्याची लॅब म्हणजे जुनी शवविच्छेदनाची इमारत, आणि हाइड ये-जा करतो ती तिच्याच मागच्या दाराने. समोरून प्रतिष्ठित डॉक्टर, मागून हे. लोक सगळं लक्ष त्या औषधाकडे देतात आणि घराकडे कोणी बघत नाही, मला तर घरच जास्त बोलकं वाटतं.

डार्विननंतर भीतीची दिशा बदलली, माणूस परत जनावर होईल का अशी, तो वेगळाच विषय आहे. 'ड्रॅक्युला'मध्ये (१८९७) व्हॅम्पायरची शिकार झालेल्या लुसीला चार जणांचं रक्त देतात आणि रक्तगट सापडले १९०१ मध्ये, त्यामुळे आजच्या वाचकाला व्हॅम्पायरपेक्षा डॉक्टरांचीच भीती वाटावी.

वाचायला घेणार असाल तर 'फ्रँकेन्स्टाइन'ची १८१८ ची आवृत्ती बघून घ्या. १८३१ च्या आवृत्तीत लेखिकेने बरंच बदललंय, तिथे व्हिक्टर जास्त नशिबाचा बळी वाटतो, पहिल्या आवृत्तीत त्याला तेवढी सूट नाही.