लग्नाला काही वर्षं झाल्यावर शरीरसंबंधातलं समाधान कमी होतं, त्यामागे शारीरिक कारणं असू शकतात का?

हो, आणि अनेकदा असतात. पण जोडपी आधी एकमेकांच्या प्रेमावरच शंका घेतात, याचं फार वाईट वाटतं.

पुरुषांमध्ये ताठरता कमी होणं हा बऱ्याचदा रक्तवाहिन्यांचा प्रश्न असतो. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४. त्यामुळे अडथळा आधी इथे जाणवतो, छातीत दुखणं पुढे काही वर्षांनीही सुरू होऊ शकतं. म्हणून लाजून गप्प बसू नका. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. मधुमेहात संवेदना वाहून नेणाऱ्या नसाही (मज्जातंतू) बधिर होतात. स्वतःच्या मनाने ताठरतेच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. हृदयासाठी नायट्रेट प्रकारचं औषध चालू असेल तर सिल्डेनाफिलने (व्हायग्रातलं औषध) रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

स्त्रियांच्या वेदनेकडे तर घरातही दुर्लक्ष होतं. स्तनपानाच्या काळात आणि रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) कमी होतं, योनीमार्ग कोरडा पडतो, संबंध दुखतात. दुखणाऱ्या गोष्टीची इच्छा कशी होणार? पाण्यावर आधारित वंगण (लुब्रिकंट) वापरून बघा. तेलाने लेटेक्सचा कंडोम फाटू शकतो. तरीही दुखत असेल तर जंतुसंसर्ग किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) आहे का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना तपासू द्या.

थायरॉईड, अपुरी झोप, दारू यांचाही परिणाम होतो. नैराश्यावरच्या काही औषधांनी इच्छा मंदावते, परमोच्च सुखापर्यंत पोहोचायला उशीर लागतो. ती अचानक बंद न करता डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. शक्यतो दोघांनी एकत्र जा.